दोरी दिसली तरी पाय का थबकतो? खरे साप, भासलेले साप आणि आपली नजर

पानगळ (प्रश्न):

काही महिन्यांपूर्वी न्हाणीघरातली बादली उचलली, तेव्हा तिच्यामागे भिंतीला लागून एक साप वेटोळे घालून बसलेला होता. लांबी हातभर असेल-नसेल. अंग तपकिरी, त्यावर पांढुरके आडवे पट्टे, आणि डोके चपटे. मी बादली तशीच हातात धरून मागे सरकले, दार ओढून घेतले आणि एका जाणकार सर्पमित्रांना बोलावले. तो कवड्या आहे आणि बिनविषारी आहे, असे सांगून ते त्याला घेऊन गेले. घटना एवढीच.

तेव्हापासून मात्र मला सगळीकडे साप दिसू लागले आहेत. चार्जरची वायर, पायपुसण्याची उसवलेली किनार, जमिनीवर पडलेली पाण्याची नळी, यांपैकी काहीही अचानक समोर आले की पाय आधी थबकतो आणि तो साप नाही हे मागाहून कळते. विचित्र वाटते ते असे की, खरा साप बादलीमागे होता तेव्हा बादली उचलेपर्यंत मला त्याची चाहूलही लागली नव्हती, आणि आता नसलेले साप दहा पावलांवरून दिसतात. अधूनमधून तो स्वप्नातही येतो.

ही भीती जन्मजात असते की आपण ती शिकतो? नजर अशी का फसते? आणि साप पुन्हा समोर आलाच, तर नेमके काय करावे? ‘साप आपल्यालाच घाबरतो’ हे वाक्य मी पुष्कळदा ऐकले आहे. त्याने पाय थबकायचे थांबत नाहीत.

दुर्बीण:

‘जन्मजात की शिकलेली’ याला एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण माकडांमध्ये हे तपासले गेले तेव्हा दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आढळल्या. मानसशास्त्रज्ञ सुसान मिनेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात प्रयोगशाळेत वाढलेल्या ऱ्हीसस माकडांपुढे साप ठेवले, तेव्हा ती फारशी बिचकली नाहीत; पण रानात वाढलेले माकड सापाला पाहून कसे घाबरते हे थोडा वेळ पाहिल्यावर तीच भीती त्यांच्यातही उतरली आणि टिकून राहिली. पुढे १९८९ मध्ये मायकेल कुक आणि मिनेका यांनी चित्रफितीत फेरफार करून असे भासवले की, ते घाबरलेले माकड कधी खेळण्यातल्या सापाला तर कधी फुलांना भीत आहे. पाहणारी माकडे सापाला भ्यायला शिकली, फुलांना भ्यायला शिकली नाहीत. भीती आयती मिळत नसली तरी ती कोणत्या वस्तूला चटकन चिकटेल, याचा कल आयता मिळत असावा.

नजरेची गोष्ट याहून रंजक आहे. वानरकुळाची तीक्ष्ण दृष्टी घडण्यात सापांचा मोठा वाटा असावा, असा तर्क मानववंशशास्त्रज्ञ लिन इस्बेल यांनी २००६ मध्ये मांडला. २०१३ मध्ये जपानमधील संशोधकांबरोबर त्यांनी माकडांच्या मेंदूतील पुल्व्हिनार या भागातल्या पेशींची नोंद घेतली, तेव्हा त्यांतल्या अनेक पेशी चेहरे, हात किंवा भौमितिक आकृत्या यांच्यापेक्षा सापाच्या चित्राला अधिक जोराने आणि अधिक लवकर प्रतिसाद देताना दिसल्या. केनियातील मोकळ्या माकडांसमोर सापाच्या कातडीचा जेमतेम इंचभर भाग उघडा ठेवला, तरी तो त्यांच्या लक्षात आला.

आता आपली नळी घ्या. नळीला साप समजले तर एक दचका बसतो आणि विषय संपतो. सापाला नळी समजले तर जिवावर बेतू शकते. ज्या यंत्रणेच्या दोन चुकांच्या किमतींत इतकी तफावत असते, ती स्वस्त चूक वारंवार करणारच, आणि ती तशी करते म्हणून तिच्यात बिघाड आहे असे मानण्याचे कारण नाही.

शंकासुर:

दुर्बीण यांनी दिलेले प्रयोग खरे आहेत, पण त्यावरून लोक फार पुढे उडी मारतात, म्हणून थोडा लगाम घालतो. मानसशास्त्रज्ञ जूडी डिलोच आणि व्हेनेसा लोब्यू यांनी २००९ मध्ये तान्ह्या मुलांना सापांच्या आणि इतर प्राण्यांच्या हलत्या चित्रफिती दाखवल्या. घाबरलेला आवाज ऐकू येत असताना मुले सापाकडे अधिक वेळ पाहत राहिली, परंतु नुसता साप पाहून ती घाबरल्याचे दिसले नाही. लोब्यू यांच्या पुढच्या कामातून असेही दिसले की, साप नसून केवळ वळणदार रेषा असली तरी ती चटकन नजरेत भरते, आणि माणसाच्या मनात आधीच धास्ती असेल तर ही शोधाशोध आणखी वेगवान होते. पानगळ यांच्या वायरीचे आणि नळीचे कोडे मला यात अधिक सरळपणे सुटताना दिसते. रेषा वळणदार आहे, मनात ती बादली अजून ताजी आहे, आणि बाकीचे काम नजर आपण होऊन उरकते. त्यासाठी लाखो वर्षांपूर्वीच्या पूर्वजांना प्रत्येक वेळी साक्षीला बोलावण्याची गरज नसते.

शिवाय जी माणसे रोज साप हाताळतात त्यांचेही पाय थबकतातच. त्यांची सवय बदलते ती थबकल्यानंतरच्या क्षणापासून.

निशाचर:

शंकासुर यांचे शेवटचे वाक्य मी अनुभवाने मान्य करतो. मी अनेक वर्षे घरांत शिरलेले साप सोडवण्याचे काम करतो, आणि पानगळ यांच्या प्रश्नातील ज्या वाक्याकडे इथे अजून कोणी नीट पाहिले नाही, ते माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे: खरा साप त्यांना दिसला नव्हता. आपल्याला भीती वाटते ती वाटेत आडव्या आलेल्या, नजरेसमोरच्या सापाची; दंश मात्र बहुतेक वेळा न दिसलेल्या सापाकडून होतो. अंधारात पाय पडतो, सरपणाच्या किंवा विटांच्या ढिगात हात जातो, झटकून न पाहता बुटात पाय घातला जातो, झोपेत हात अंथरुणाबाहेर पसरतो. नजर जिथे पोहोचतच नाही, तिथे तिने कितीही तत्परता दाखवली तरी उपयोग नसतो. म्हणून ‘भीती कमी कशी करू’ यापेक्षा ‘जिथे दिसत नाही तिथे हात कसा घालू’ हा प्रश्न मला अधिक कामाचा वाटतो. उत्तर साधे आहे: बॅटरी जवळ ठेवावी, वस्तू हलवण्याआधी काठीने ढोसावी, आणि बादली उचलताना ती स्वतःकडे न ओढता आधी बाजूला सरकवावी.

समोर साप दिसला तर थबकणे हीच पहिली योग्य कृती असते, आणि ती तुमचे शरीर न सांगता करते. त्यानंतर अंतर वाढवत सावकाश मागे सरावे. सापाच्या लांबीच्या दुपटीहून अधिक अंतर राहिले की तो अंगावर पोहोचू शकत नाही. सापाला बाहेरून दिसणारे कान नसतात. त्याचा आंतरकर्ण जबड्याच्या हाडाशी जोडलेला असल्याने जमिनीतली कंपने त्याला चांगली कळतात, त्यामुळे आरडाओरडा करून फारसे साधत नाही आणि घरातली माणसे मात्र गोंधळतात. साप खोलीत असेल तर मुले आणि पाळीव प्राणी बाहेर काढून दार लावावे, दाराखालची फट ओल्या फडक्याने बुजवावी, आणि शक्य असल्यास एकाने लांबून खिडकीतून त्याच्यावर नजर ठेवावी. साप कुठे गेला हे कोणालाच ठाऊक नसले, की सगळे घर उपसावे लागते, आणि त्या उपसाउपशीतच दंशाचा धोका सर्वाधिक असतो. मारण्याच्या भानगडीत पडू नये; सापाचे तुटलेले डोकेही काही काळ प्रतिक्षिप्त क्रियेने चावू शकते.

पट्टेरी साप म्हटले की बिनविषारी कवड्या आणि विषारी मण्यार यांची गफलत हमखास होते, म्हणून तेही लिहितो. कवड्या भिंतीवर चढतो, पालींच्या मागे घरात येतो, आणि त्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यार काळीभोर किंवा निळसर काळी आणि चकचकीत असते. तिचे बारीक पांढरे पट्टे बहुधा जोडीने असतात, ते डोक्यापासून काही अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे अधिक ठळक होतात. मण्यारीच्या पिल्लांत हे पट्टे डोक्याच्या बरेच जवळ येतात, त्यामुळे नुसत्या पट्ट्यांवर विसंबणारा माणूस नेमका तिथेच फसतो. ही माहिती साप कोणता असावा याचा अंदाज बांधण्यासाठी आहे, हात लावायचे धाडस करण्यासाठी नाही.

दंश झालाच तर चावलेला अवयव हलू न देता आधार देऊन स्थिर ठेवावा, अंगठ्या आणि बांगड्या काढून टाकाव्यात, वेळ लक्षात ठेवावी आणि थेट रुग्णालय गाठावे. आवळपट्टी बांधणे, चिरा देणे, तोंडाने विष ओढणे यांनी नुकसानच होते. मण्यारीच्या दंशात दुखणे आणि सूज जवळजवळ नसते. रात्री झोपेत चावली तर माणसाला पोटदुखीने किंवा जड झालेल्या पापण्यांनी जाग येते आणि त्याचा दंशाशी संबंध कोणी जोडत नाही. प्रतिसर्पविष हाच इलाज, आणि श्वास मंदावला तर कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी सुमारे ५४ लाख लोकांना साप चावतो आणि ८१ हजार ते १ लाख ३८ हजार माणसे त्याने मरतात. सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत जागा मिळायला मात्र २०१७ उजाडले, यावरून ही माणसे कोणाच्या नजरेच्या टप्प्यात होती ते समजते.

कंदील:

स्वप्नाचा आणि भासाचा मुद्दा मागे पडला, म्हणून त्यापुरते लिहितो. दोरीवर साप भासणे हा आपल्या तत्त्वचिंतकांचा इतका आवडता दाखला आहे की आता तो ऐकताना कोणी थांबूनही विचार करत नाही. अद्वैत वेदान्ताचे आचार्य गौडपाद यांच्या कारिकांत (सूत्रबद्ध श्लोकांत) तो येतो तेव्हा मात्र त्यात एक बारकावा आहे: अंधारात नीट न कळलेली दोरी ही कधी साप, कधी पाण्याची धार, अशा अनेक रूपांत कल्पिली जाते, असे तिथे म्हटले आहे. म्हणजे भ्रम हा सापाचाच असला पाहिजे असे नाही. तरीही शतकानुशतके लोकांच्या लक्षात राहिला तो साप. पाण्याच्या धारेची आठवण कोणी काढत नाही. दुर्बीण यांनी दोन चुकांच्या किमतींविषयी लिहिले आहे, ते वाचताना मला वाटले की धार विसरली जाण्याचे कारणही तेच असावे. धार समजून चुकले तर कोणाचे काय जाते?

तत्त्वज्ञानात प्रकाश आला की साप कायमचा नाहीसा होतो. व्यवहारात तसे होत नाही, आणि पानगळ यांची तक्रार नेमकी हीच आहे: वायर ही वायरच आहे हे कालही कळले होते, तरी आज पाय पुन्हा थबकतो. कारण ज्ञान होते ते एका वस्तूचे, आणि सावध झालेली असते ती सगळी नजर. पुन्हा काही न घडता दिवस जात राहिले की ही सावधगिरी बहुधा आपोआप सैल पडते; झोप मोडू लागली किंवा माणूस घरातल्या एखाद्या खोलीत जायचेच टाळू लागला, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. विशिष्ट वस्तूच्या भीतीवर टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याची उपचारपद्धती चांगली लागू पडते.

स्वप्नातल्या सापाचा अर्थ लावत बसू नये, असे माझे मत आहे. तरी स्वप्नातला साप नेहमी धास्तीच घेऊन येतो असेही नाही. बेंझिनच्या रेणूची वलयाकार रचना १८६५ मध्ये मांडणारे रसायनशास्त्रज्ञ केकुले यांनी १८९० मधील सत्कारप्रसंगी सांगितले की, शेकोटीपुढे डुलकी लागली असता स्वतःची शेपटी तोंडात धरलेला साप त्यांना दिसला होता. इतक्या वर्षांनी सांगितलेल्या या आठवणीवर सगळ्यांचाच विश्वास बसलेला नाही. गोष्ट रचलेली असली, तरी वलय सुचण्याचे श्रेय द्यायला त्यांना सापच सापडला, हेही काही कमी नाही.

पानगळ:

सर्वांचे आभार. निशाचर यांनी बादलीबद्दल लिहिलेले वाचून आज न्हाणीघर नीट तपासले, तर सांडपाण्याच्या जाळीजवळ कात सापडली. हातापेक्षा बरीच लांब आहे, त्यामुळे हा साप निराळा आणि मोठा असावा अशी शंका येते. कातीवरून काही कळते का?

निशाचर:

कळते, पण लांबीवरून नव्हे. कात निघताना ताणली जाते, म्हणून ती मूळ सापापेक्षा लांब भरते. ती मोज्यासारखी उलटी निघते. सापाला पापण्या नसल्याने डोळ्यांवरचे पारदर्शक खवलेही तिच्याबरोबर येतात, ते डोक्याच्या टोकाशी दोन काचेच्या टिकल्यांसारखे दिसतील. ओळखीसाठी दोन जागा पाहा. पाठीच्या मधोमध जाणारी खवल्यांची रांग बाजूच्यांपेक्षा मोठी आणि षट्कोनी असेल, आणि शेपटीच्या खालचे खवले एकेरी असतील, तर मण्यारीचा संशय घ्यावा. शेपटीखालचे खवले दुहेरी रांगेत असतील तर कवड्याची शक्यता वाढते. दोन्ही ठिकाणांचे जवळून फोटो काढून आधी आलेल्या सर्पमित्रांना दाखवा.

तोवर त्या जाळीवर बारीक छिद्रांची दुसरी जाळी बसवून घ्या. माझ्या पाहण्यात बहुतेक सापांची वाट तिथूनच असते, आणि पेन्सिल जाईल एवढी फट लहान सापाला पुरते.