उपचार फुकट आहेत, पण दर आठवड्याला पोराला न्यायचं कुणी?

जतचा_मास्तर: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी २०१३ पासून फिरतेय. अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी, शाळेत एकदा. पोरांची दुखणी सापडतात, ते मान्य. माझा प्रश्न पुढचा आहे. क्लबफूट घ्या, म्हणजे जन्मतः आत वळलेली पावलं. पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलतात, साधारण पाच-सहा वेळा. मग बहुतेकांना टाचेमागच्या शिरेची छोटी शस्त्रक्रिया. त्यानंतर खास बूट, पहिले ३ महिने जवळजवळ दिवसभर आणि पुढे चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपताना. जतहून मिरज ८० किलोमीटरच्या घरात. बापाचा रोजगार बुडतो, थोरलं पोर शेजारणीकडे, आणि शेवटची यष्टी चुकली की मुक्काम स्टँडवर. प्लास्टर भिजू नये म्हणून पायाला दुधाची पिशवी बांधलेलं बाळ मी तिथंच पाहिलंय. तालुक्याला आठवड्यातून एक दिवस हाडांचा डॉक्टर बसवला तर काय बिघडतं?

मिरजकर_डॉक्टर: पाय बिघडतो. हे प्लास्टर म्हणजे गिलावा नव्हे. पाऊल ठराविक क्रमानंच सरळ करावं लागतं, घाई केली तर तळवा उलटा फुगतो आणि मग निस्तरणं अवघड. हात बसायला सतत पेशंट लागतात, एका तालुक्यात महिन्याला अशी पोरं कितीशी येणार? मिरजेत वॉनलेसचं मिशन हॉस्पिटल १८९४ ला सुरू झालं, शासकीय मेडिकल कॉलेज १९६२ पासून आहे. कर्नाटकातूनही लोक येतात. इथं आणा.

जतचा_मास्तर: आणायचं कुणी, हेच तर विचारतोय.

कोयनाकाठ: सगळं सरकारवर ढकलू नका. आमच्या पाटणकडे पोराला ऐकू येत नाही हे दिसत असतं, तरी ‘त्याचा बापही उशिराच बोलायला लागला’ म्हणत वर्षं काढतात. आधी देवऋषी, मग डॉक्टर. अशानं कॉक्लियर, म्हणजे ऐकू येण्यासाठी कानात बसवायचं यंत्र, बसवलं तरी बोलणं यायचं वय निघून जातं.

आशाताई: दादा, सगळ्यांना एका मापानं मोजू नका. आमच्याकडची जोडपी दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यावर जातात. मुकादमाची उचल अंगावर, खाडा झाला की पैसे कापले. पोर तिकडं, रेशन कार्ड इकडं, त्यात पोराचं नाव चढलेलंच नाही. मग कागदासाठी वेगळी फेरी. एका आईनं बूट घालणं सोडलं. खोपीत पोर रात्रभर रडायचं आणि हिला पहाटे फडात जायचं. पाऊल परत वळलं. आता तिला अडाणी म्हणायचं का?

मिरजकर_डॉक्टर: बुटाची तपासणी तालुक्याला शिकलेला फिजिओ करू शकतो, ते पटतं. प्लास्टर मात्र इथंच. आणि वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात जाण्या-येण्याची गाडी फुकट आहे. १०२ ला फोन करा.

आशाताई: केला की! गाडी बाळंतिणीला गेलेली असते. प्लास्टरसाठी म्हटलं की ‘इमर्जन्सी आहे का?’

मिरजकर_डॉक्टर: मग वार ठरवा. त्या वारी तालुक्यातली सगळी बाळं एकाच गाडीत पाठवा.

जतचा_मास्तर: हे जमेल. पण आमच्या तालुक्यातल्याच उमदीकडच्या लोकांना विजापूर जवळ पडतं, ते उलटे मिरजेला कशाला येतील? त्यांच्यासाठी काय?