मदत हवी आहे: थॉमस स्प्लिंटचे कडे नेमके कोणत्या मापाचे घ्यावे?

ग्रामीण रुग्णालयात आंतरवासिता करणाऱ्या आम्हा नवख्या डॉक्टरांना, मांडीचे हाड मोडलेल्या रुग्णाला थॉमस स्प्लिंट (जांघेभोवती बसणारे कडे असलेली, पाय ताणून स्थिर ठेवणारी धातूची चौकट) बांधण्याविषयी अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे. चांगल्या पायाच्या मांडीचा घेर मोजून त्यात सुमारे ५ सेंटिमीटर मिळवावेत, हे आम्ही शिकलो आहोत. परंतु आत लिटरभर रक्त साचून मांडी टम्म फुगली, की तेच कडे जांघेत रुतू लागते. अशा वेळी मोठे कडे घेऊन कापसाची गादी भरावी, की ते बैठकीच्या हाडावरून निसटेल? ताण देण्यापूर्वी व नंतर पावलावरची नाडी आम्ही तपासतोच. मात्र ओटीपोटाच्या हाडालाही इजा असल्याची शंका असेल (आणि रात्री एक्स-रे मिळत नसेल), तर ताण न देता, मध्ये घडी घातलेली चादर ठेवून दोन्ही पाय एकत्र बांधावेत आणि रुग्णाला जिल्हा रुग्णालयात पाठवावे, हे योग्य ठरेल का?