विभव, दाब की व्होल्टेज?

राजारामपुरीकर
मुलगी बारावी सायन्सला आहे. तिला घरी मराठीतून समजवावं म्हणून बसलो आणि पहिल्याच शब्दाला अडकलो. गणित असं: दोन समांतर धातूच्या पट्ट्या, मध्ये ४ सेंमी अंतर, पट्ट्यांना २०० व्होल्ट जोडलेत. ऋण पट्टीपासून १ सेंमीवर विभव किती? ५० व्होल्ट. उत्तर आलं, पण ‘विभव’ म्हणजे नेमकं काय? माझ्या डोक्यात वैभवच येतं. महावितरण ‘उच्चदाब’, ‘लघुदाब’ म्हणतं, आपण सगळे व्होल्टेज म्हणतो. तिन्ही एकच का?

उद्यमनगरी
आमच्यात फकस्त होल्टेज. विभव म्हणून कुणी हाक मारली तर पोरगं वळून बघंल. पण साहेब, पोरीला एवढंच विचारा, होल्टेज मोजायच्या मीटरला दोन वायरी का असत्यात? एक वायर लावून मीटर काय बी सांगत न्हाई. फेज आणि न्यूट्रलला लावा, २३० च्या आसपास येतंय. तीच फेज ठेवा आणि दुसरी वायर दुसऱ्या फेजला लावा, आकडा ४०० च्या घरात. फेज तीच की ओ! दुसरं टोक बदललं म्हणून आकडा बदलला.

जुनी पोथी
शब्दापुरतं सांगतो. ‘विभव’ हा ‘वि’ + ‘भू’ वरून, अर्थ सामर्थ्य, ऐश्वर्य. त्यावरूनच ‘वैभव’, म्हणजे तुमच्या डोक्यात आलं ते चुकीचं नव्हतं. पंचांगातल्या साठ संवत्सरांत प्रभवानंतरचा दुसरा विभवच. कल्पना अशी असावी की त्या जागी ठेवलेल्या प्रभाराला (विजेच्या चार्जला) काम करण्याचं सामर्थ्य आहे. मराठी विश्वकोशात याच अर्थी ‘वर्चस्’ भेटतो. वर्चस् म्हणजे तेज, ‘वर्चस्व’ त्यातलाच. मला तो कानाला आवडतो, पण शाळेत विभव रुजला, आता उपटू नये. संस्कृतात विभव पुल्लिंगी, मराठीत लोक ‘तो विभव’ही म्हणतात आणि ‘ते विभव’ही.

‘दाब’ मात्र मला खटकतो. दाब म्हणजे क्षेत्रफळावर वाटलेलं बल. इथं क्षेत्रफळाचा संबंधच नाही.

बावड्याचा
पोथीबुवा, दाब खटकतो तर मग आपला शब्द घ्या की, ‘पातळी’. पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर सकाळी उठून काय विचारतं? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी किती! ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ ला ५५ च्या वर गेली तेव्हा काय झालं ते सांगायला नको. आता हे ३९ फूट कुठून मोजलेले? बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीच्या शून्यापासून. समुद्रसपाटीपासून मोजलं तर आकडा कितीतरी मोठा येईल, पण काल आणि आजच्या पातळीतला फरक तेवढाच राहील. विभव ही पातळी. विभवांतर म्हणजे दोन पातळ्यांतला फरक, आणि व्होल्टेज म्हणून आपण बहुतेक वेळा हा फरकच सांगत असतो. तुमच्या गणितातले ५० व्होल्टसुद्धा ऋण पट्टी शून्य धरली म्हणून ५०.

राजारामपुरीकर
हे पटलं. पण मग पट्ट्यांमधलं ‘एकसमान क्षेत्र’, म्हणजे सगळीकडं सारखं असलेलं विद्युत क्षेत्र, या चित्रात कुठं बसवायचं? पुस्तकात क्षेत्राचं एकक एकीकडे न्यूटन प्रति कुलोम दिलंय, दुसरीकडे व्होल्ट प्रति मीटर.

बावड्याचा
जुन्या घराचं कौलारू छप्पर डोळ्यासमोर आणा. उतार सगळीकडं सारखा. वळचणीपासून आढ्याकडं हातभर सरकलात की उंची ठरावीक वाढणार, कुठूनही सरका. हा सारखा उतार म्हणजे एकसमान क्षेत्र. तुमच्या पट्ट्यांत २०० व्होल्टची चढण ४ सेंमीत, म्हणजे सेंमीला ५०, मीटरला ५०००. व्होल्ट प्रति मीटर म्हणजे उतार किती तीव्र ते. न्यूटन प्रति कुलोम म्हणजे त्या उतारावर एक कुलोम प्रभारावर किती बल पडतं ते. आकडा एकच. फक्त क्षेत्राचा बाण उताराच्या दिशेनं, जास्त विभवाकडून कमीकडं. आणि कौलांच्या एका आडव्या ओळीनं चाललात तर चढ ना उतार. पट्ट्यांना समांतर सरकताना काम शून्य, तेच समविभव पृष्ठ. पक्षी तारेवर बसतो तोही असाच, दोन्ही पाय जवळपास एकाच ओळीत.

जुनी पोथी
उदाहरण झकास, पण इलेक्ट्रॉन या छपरावर आपोआप वर चढतो. पाणी कधी चढत नाही.

बावड्याचा
खरंय, तिथं पातळी अपुरी पडते. विभव हा एकक धन प्रभारामागचा हिशोब. ऊर्जा हवी तर प्रभारानं गुणायचं, आणि इलेक्ट्रॉनचा प्रभार ऋण, म्हणून विभव जास्त तिथं त्याची स्थितिज ऊर्जा कमी. तो वर चढतोय असं दिसतं, पण ऊर्जेच्या हिशोबात उतरतच असतो. विभव आणि ऊर्जा हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले की मुलं इथंच फसतात.

राजारामपुरीकर
मुलीला दाखवलं. तिनं मधली ओळ शून्य धरून गणित परत केलं. एक पट्टी अधिक १००, दुसरी उणे १००, आणि आपला तो बिंदू ५० चा उणे ५० झाला. पट्ट्यांमधला फरक २०० चा २००. आता उलट मलाच विचारते, शून्य कुठंही धरता येतो तर वायरिंगवाले जमिनीलाच का धरतात?

उद्यमनगरी
कारण चप्पल न घालता आपण उभं तिथंच असतोय, ताई.