मदत हवी आहे: रानातल्या कोआलाचे फोटो

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरात मेलबर्नला बहिणीकडे जातोय. प्राणिसंग्रहालयातले नाही, रानातले कोआला टिपायचेत. ग्रेट ओशन रोडवरचं केनेट रिव्हर की पेन्सव्हिलहून फेरीने जायचं रेमंड आयलंड? एकच जमेल.

खरी अडचण उजेडाची. प्राणी निलगिरीच्या शेंड्याला, मागे पांढरंफटक आकाश. चेहरा काळा पडतो. एक्स्पोजर (फोटोत घेतला जाणारा उजेड) १ ते २ स्टॉप, म्हणजे दुप्पट ते चौपट, वाढवता की वेगळं काही? लेन्स १००-४०० मिमीची (लांबचं जवळ आणणारी) आहे, पुरेल ना? दिवसाचे १८-२० तास झोपणारा प्राणी, म्हणजे शटर स्पीडची चिंता नाही (वारा सुटला तर फांदी हलते, ते वेगळं)! पण जागा असलेला हवाय, पिल्लू पाठीवर असेल तर उत्तमच. संध्याकाळी थांबावं का? फ्लॅश वापरणार नाही, झाडही हलवणार नाही.