पॉपीचं बी खराब नसतं, आपण गाडतो

पॉपी या फुलझाडाची ट्रेमधली रोपं वाफ्यात लावली की माना टाकतात, बीच खराब असावं, अशी तक्रार कुणीतरी केली आणि त्यावर 'थेट जागेवर पेरा, वर बोटभर माती लोटा' असा सल्ला मिळाला. बियांना दोष देणं मला पटत नाही. पॉपीला सोटमूळ असतं, ते जरा दुखावलं की रोप गेलंच. त्यामुळे थेट जागेवर पेरा हा सल्ला अगदी बरोबर. पण त्यावर 'बोटभर माती लोटा' म्हटलंय, तिथे गडबड आहे. हे बी खसखशीएवढं. उगवायला त्याला उजेड लागतो. मी पहिल्या वर्षी नीट माती पांघरली आणि महिनाभर रिकामा वाफा बघत बसले! आता चिमूटभर बी मूठभर कोरड्या वाळूत कालवून भुरभुरते, तळहाताने हलकेच दाबते आणि पाणी फवाऱ्यानेच देते. झारीच्या धारेने सगळं बी एका कोपऱ्यात जमा होतं.

हवा मात्र थंडच हवी. विरळणी करताना जास्तीची रोपं उपटू नका, शेजारच्याचं मूळ हलतं. कात्रीने जमिनीलगत कापा. दोन रोपांत वीतभर अंतर ठेवताना जीवावर येतं, पण दाटीत फुलं बारकी येतात. आणि कळ्या खाली झुकल्या म्हणून घाबरून पाणी ओतू नका. उमलायच्या आधी त्या आपसूक ताठ होतात.