उसाच्या मुळांचे चित्रण: जुन्या आर्गॉन लेसरच्या जागी काय घ्यावे?

प्रश्न (संशोधक विद्यार्थिनी, कोल्हापूर)
नमस्कार. ८६०३२ या जातीच्या उसाच्या एक डोळा टिपऱ्यांना फुटलेल्या मुळांत नत्र स्थिर करणारे जीवाणू कुठवर शिरतात, हे मी कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली (यात लेसरचा किरण नमुन्यावर बिंदूबिंदूने फिरवून चित्र घेतात) पाहते. जीवाणूंमध्ये हिरवे चमकणारे जीएफपी प्रथिन घातले आहे. आमच्या आर्गॉन लेसरची ४८८ नॅनोमीटरची रेषा आता क्षीण झाली आहे आणि ती वाढवावी तर पेशीभित्तिकाही हिरव्या उजळतात; जलवाहिन्यांच्या कडेला जीवाणू कोणता आणि भिंत कोणती, हेच कळत नाही. दोन-फोटॉन पद्धतीचा (म्हणजे प्रकाशाचे दोन कण एकाच वेळी शोषले जाऊन चमक निघते त्या पद्धतीचा) फेमटोसेकंद लेसर, म्हणजे अतिसूक्ष्म काळाचे झोत सोडणारा लेसर घ्यावा, असे विभागात सुचवले जात आहे. एवढा खर्च कामी येईल का?

उत्तर (लेसर यंत्रणेचा तंत्रज्ञ, पुणे)
आर्गॉनची नळी वापराच्या तासांबरोबर झिजते आणि तिला दिलेल्या विजेचा बहुतेक भाग उष्णतेत जातो. ४८८ नॅनोमीटरचा डायोड लेसर थेट चालू-बंद करता येत असल्याने किरण परत फिरताना नमुन्यावर विनाकारण प्रकाश पडत नाही. मात्र पत्रकातील मिलीवॅट पाहून काहीही ठरवू नका. वस्तुभिंगातून प्रत्यक्ष बाहेर पडणारी शक्ती मापकाने मोजा. नळी संपली म्हणून मला बोलावले आणि दोष प्रकाशतंतूच्या तोंडावरील धुळीचा निघाला, असे घडलेले आहे.

उत्तर (वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका, कोल्हापूर)
भिंतीची ती चमक लिग्निनची, म्हणजे भिंतीला कठीणपणा देणाऱ्या द्रव्याची, स्वतःची आहे, त्यामुळे ४८८ चा लेसर कितीही जोरदार घेतला तरी दोन्ही चमका सोबतच वाढतील. शक्य असल्यास जीवाणूंत एमचेरी हे लाल प्रथिन घाला आणि ५६१ नॅनोमीटरचा लेसर घ्या, कारण त्या तरंगलांबीला लिग्निन बरेच शांत असते. पुढे पानांकडे वळलात, तर हरितद्रव्य ६८० नॅनोमीटरच्या आसपास लाल चमकते, हे ध्यानात ठेवून गाळणी निवडा.
दोन-फोटॉन पद्धतीची कल्पना मारिया गोपर्ट-मायर यांनी १९३१ मध्ये मांडली आणि १९९० मध्ये ती सूक्ष्मदर्शकात उतरली. तिच्यात उत्तेजन तीव्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात होत असल्याने केवळ केंद्रबिंदूच उजळतो, आणि लांब तरंगलांबीचे किरण कमी विखुरतात. जाड, जिवंत ऊतीत खोलवर पाहायचे असेल तर तिला तोड नाही. पण पात्याने हाताने घेतलेल्या पातळ कापांना ती खोली लागतच नाही, आणि लिग्निन दोन फोटॉननीही चमकते. जीवाणू न घातलेल्या मुळाचा काप आधी त्याच मांडणीत पाहा.

प्रश्नकर्ती
मॅडम, आजच पाहिला. जीवाणू नसलेल्या कापातही जलवाहिन्यांची कडी तशीच हिरवी दिसली. शक्ती मोजून झाल्यावर ५६१ च्या लेसरचे दरपत्रक मागवते.