'घर्षण' की 'ओढ'?

अंबाजोगाईहून विचारणा: सागरी प्रवाह शिकवताना 'वाऱ्याच्या घर्षणामुळे पाणी वाहू लागते' हे वाक्य आलं की मुलं अडतात. घर्षण गती रोखतं, हे त्यांनी विज्ञानाच्या तासाला पाठ केलेलं असतं. मग तेच घर्षण समुद्राला चालतं कसं करतं? इथं दुसरा शब्द वापरावा का?

नांदेडहून उत्तर: ताई, शब्द बरोबर आहे, पाठ केलेली व्याख्या अर्धी आहे. घर्षण विरोध करतं ते एकमेकांना लागून असलेल्या दोन गोष्टींच्या वेगातल्या फरकाला. वर वारा जोरात, खाली पाणी जवळजवळ थांबलेलं. फरक मिटवायचा तर वाऱ्याला थोडं मंदावावं लागतं आणि पाण्याला पुढं सरकावं लागतं. एकच घर्षण वाऱ्याला रोखतं आणि पाण्याला चालवतं. लाटा उठल्या की पृष्ठभाग खडबडीत होतो, वाऱ्याची पकड आणखी वाढते. तरी पाण्याला वेग मिळतो तो वाऱ्याच्या जेमतेम २-३ टक्के. ताशी ३६ किलोमीटर वारा सुटला, तर पाणी ताशी एक किलोमीटरच्या आसपास.

जोडीला 'ओढ' शब्द द्या. गोदावरीला पूर आला की घाटावरची माणसं सांगतातच, "पाण्याला लई ओढ हाय, आत उतरू नका."

परभणीहून: सर, 'ओढ'बद्दल माझी हरकत आहे. आपल्याकडं 'पावसानं ओढ दिली' म्हणजे पाऊस लांबला. जुलैत पेरण्या खोळंबलेल्या असताना पोरांच्या कानावर हाच अर्थ असतो. 'वारा पाण्याला ओढत नेतो' असं क्रियापद वापरा, घोटाळा होणार नाही. आणि उदाहरण मोसमी वाऱ्याचंच द्या. ज्या नैऋत्य वाऱ्यांची आपण वाट बघतो, तेच आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत सोमाली प्रवाह ईशान्येकडं नेतात. हिवाळ्यात वारे उलटले की तो प्रवाहही उलटा फिरतो.

अंबाजोगाईहून: क्रियापद पटलं. म्हणजे वारा जिकडं, पाणी तिकडंच ना?

नांदेडहून: नाही ताई, खरी गंमत इथंच आहे. नॉर्वेचा ध्रुवीय संशोधक नान्सेन याचं 'फ्राम' जहाज १८९३ ते १८९६ या काळात उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात अडकून वाहत होतं. बर्फ वाऱ्याच्या दिशेनं न जाता उजवीकडं कलतो, हे त्यानं टिपून ठेवलं. स्वीडनचा शास्त्रज्ञ एकमन यानं १९०५ मध्ये त्याचं गणित मांडलं. वरचा थर खालच्या थराला घर्षणानंच ओढतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळं प्रत्येक थर आणखी उजवीकडं वळतो आणि मंदावत जातो. सगळ्या थरांची बेरीज केली, तर उत्तर गोलार्धात पाणी वाऱ्याच्या काटकोनात उजवीकडं जातं. पावसाळ्यात केरळच्या किनाऱ्यालगत वाऱ्याचा रोख दक्षिणेकडं झाला, की वरचं पाणी किनाऱ्यापासून पश्चिमेला सरतं, खालचं थंड, पोषक पाणी वर येतं आणि तारली मासळीला खाद्य मिळतं.

फळ्यावर बाण काढताना एक जपा. वाऱ्याला नाव मिळतं तो जिकडून येतो त्या दिशेचं, प्रवाहाची दिशा मात्र तो जिकडं जातो ती. 'नैऋत्य वारा' आणि 'ईशान्येकडचा प्रवाह' यांचे बाण एकाच बाजूला वळलेले दिसतील, ते खोडू नका.